चार बोटं लांब

पंचांनी चेंडू केतकी गेडामच्या हातात दिला आणि ते दोन पावलं मागे सरले.

घड्याळ थांबलेलं होतं. खेळाचे चार सेकंद बाकी. कोची ८९, वैनगंगा ८८. लीगचा उपांत्य सामना, घरचं सभागृह, नऊ हजार नागपूरकर, आणि केतकीला दोन फ्री थ्रो. कोचीच्या मुलींनी तिला मुद्दाम पाडलं होतं. पाडल्यावर हात देऊन उठवलं, त्यांच्या कप्तानाने तर पाठही थोपटली. अपमानच, पण सभ्य.

त्यामागचं कारण साऱ्या देशाला ठाऊक होतं. केतकी गेडाम, वय तेहतीस, वैनगंगा संघाची कप्तान, जिच्या नावाचे बूट शाळकरी मुली हट्ट करून घ्यायच्या, जी सलग आठ हंगाम शंभरातले चौऱ्याण्णव फ्री थ्रो टाकत आली, तिचा हात गेला होता. दोन वर्षांपासून शंभरात एकतीस. धावणं शाबूत, पास शाबूत, नजर पहिल्याहून तल्लख. फक्त या रेषेवर एकटीने उभं राहायचं, समोर कोणी अडवणारं नाही, की चेंडू सुटता सुटता मधलं बोट आत वळायचं. गोगलगाय शिंग ओढून घेते तसं.

चेंडू हातात पडल्यापासून पाच सेकंदांत तो सुटला पाहिजे, हा खेळाचा नियम. दुसरा नियम आज सकाळी केतकीने आणि तिचे गुरू डोर्लीकर सर यांनी मिळून केला होता. रेषेवरून आज एक जरी चुकला, तर उद्या सकाळी आठला डॉक्टर काझींकडे जाऊन हात बदलून घ्यायचा. सगळे आत गेले, तर तो विषय कायमचा बंद.

पूर्ण सामना तिने रेषेवर यायचंच टाळलं होतं. हे पहिलेच दोन.

पाच

अकरा वर्षांची केतकी पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा तिला वाटलं, इथली पोरं बावळट आहेत.

मानेवाड्याच्या बाजूचं डांबरी मैदान. एक खांब, एक टोपली, जाळीच्या जागी सायकलच्या साखळ्या. रांगेत वीस पोरं. एक जण फेकायचा. चेंडू आत गेला की सगळी रांग ओरडायची, "सदतीस!" पुढचा फेकायचा. चेंडू बाहेर. रांग मुकी. कोणी "अरेरे" नाही म्हणायचं, कोणी हसायचं नाही, फेकणारासुद्धा तोंड उघडायचा नाही. जणू चेंडू फेकलाच नव्हता. त्याच्या पुढचा आत टाकायचा. "अडतीस!"

केतकीचा पहिलाच चेंडू खांबाला लागून परत तिच्याच पायाशी आला. ती म्हणाली, "जरा डावीकडे गेला ना?"

रांगेने श्वास रोखला. बाकावरून डोर्लीकर सर उठले. तेव्हा ते पन्नाशीचे, गळ्यात शिटी, डोक्यावर ओला रुमाल.

"काय म्हणाली वं तू?"

"डावीकडे गेला म्हटलं."

"काय डावीकडे गेला?"

"चेंडू."

"कोणता चेंडू? मले तर नाही दिसला." सर रांगेकडे वळले. "तुमाले दिसला का बे?"

"नाही सर!"

"हे पाय पोरी," सर म्हणाले, "चुकलेला चेंडू बोलायचा नाही. बोलला की तो डोक्यात घर करते. आत गेला तोच खरा. बाकीचा कचरा. शंभर खरे झाले की घरी जायचं."

मैदानाची रीत ती. त्या रितीत वाढलेल्या पोरापोरींतून पुढची वीस वर्षं राज्याला खेळाडू मिळाले. केतकी त्यातली सगळ्यात मोठी. चुकलेल्या चेंडूंविषयी एक अक्षर न बोलता ती मोठी झाली.

चार

डॉक्टर तस्नीम काझी यांनी लावलेला शोध सांगायला सोपा आहे.

हात हलतो त्याच्या आधी मेंदू हलतो. मेंदूच्या माथ्याजवळ एक पट्टा आहे. तिथल्या पेशी ठरावीक क्रमाने पेटतात आणि त्या क्रमाने स्नायू ओढले जातात. फ्री थ्रोचा असा क्रम अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो. काझींनी केसाहून बारीक तारांची जाळी रक्तवाहिनीतून सरकवत त्या पट्ट्यापाशी नेऊन बसवली आणि तो क्रम टिपला. त्याला नाव पडलं हातठसा.

टिपणं झालं निम्मं काम. खरी करामत पुढे. दिवसा शिकलेली गोष्ट मेंदू गाढ झोपेत पुन्हा पुन्हा घोकतो आणि पक्की करतो, हे जुनं ज्ञान. काझींनी झोपलेल्या माणसाच्या जाळीतून त्याच्या मेंदूला दुसऱ्याचा ठसा घोकायला लावला. दोन महिने झोप, दिवसा थोडा सराव, आणि ज्याला कधी फ्री थ्रो जमला नाही त्याच्या हातात केतकी गेडामचा फ्री थ्रो.

केतकी तेवीस वर्षांची होती तेव्हा तिचा ठसा घेतला. मे महिना, चार दिवस, तीन हजारांवर चेंडू. पुढच्या दहा वर्षांत तो आठशे जणांना दिला गेला. ठसा केतकीचाच याची पावतीही सोबत गेली. नागपूरच्या त्या उन्हाळ्यात फेकायच्या आधी ती हनुवटीचा घाम उजव्या खांद्याला पुसायची. आता शिलाँगच्या थंडीतही मुलं रेषेवर उभी राहून कोरडी हनुवटी खांद्याला घासत. आरशात पाहिल्यासारखं वाटायचं तिला, आणि थोडं चोरी झाल्यासारखं.

पंचविसाव्या वर्षी तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात अनोळखी झाला होता. संघाने तिला तिचाच ठसा सहा महिने झोपेत घोकवला. हात परत आला, शंभरात चौऱ्याण्णव. सगळे म्हणाले चमत्कार.

एकतिसाव्या वर्षी बोट वळायला लागलं. दोन वर्षं देव आणि उपास झाल्यावर ती काझींकडे गेली.

"लिहून लिहून कारकुनाची बोटं आखडतात, तसला प्रकार," काझी म्हणाल्या. "पेन धरलं की आखडणार. त्याच बोटांनी भाजी निवडा, बटणं लावा, काही होत नाही. बिघाड हातात नाही. बिघाड त्या एका हालचालीत आहे."

"उपाय?"

"तेविसाव्या वर्षीचा ठसा पुन्हा देता येईल. यावेळी दुप्पट जोरात."

"मग द्या."

काझींनी चष्मा काढला. त्यांना चष्मा पुसत बोलायची सवय होती. "मेंदूत हाताची जागा म्हणजे रिकामा प्लॉट नाही, केतकी. एक गोष्ट जोरात बसवली की शेजारची सरकते. मागच्या वेळी सरकायला फारसं काही नव्हतं. आता आहे. तुमच्या घरी तुम्ही बोलता कशाने?"

तीन

हा सेकंद वाया गेला. वरच्या रांगेतून कोणीतरी "केतकीताई!" म्हणून किंचाळलं आणि तिने तिकडे पाहिलं.

दोन

ती बोलायची हाताने. तिचा नवरा सुमेध रामटेके जन्मापासून ऐकू शकत नव्हता.

त्याचा धंदा खेळाच्या लाकडी जमिनी बसवायचा. सात वर्षांपूर्वी ती सरावाला आली तेव्हा मैदानाच्या मधोमध एक माणूस पालथा पडलेला दिसला, तळवे जमिनीला चिकटवून. ती धावली, पाणी आणा म्हणून ओरडली. माणसाने डोळे उघडले आणि चिडून फोनवर लिहून दाखवलं: "चेंडू आपट. मी जमीन तपासतोय." तिने अर्धा तास मुकाट्याने चेंडू आपटला. पहिलं वर्षभर ती हाताने तीन वर्षांच्या पोरासारखी बोलायची. मग हात सैल झाला. मग तिला हातात स्वप्नं पडायला लागली.

ठसा पुन्हा बसवला तर उजव्या हाताचं बोलणं किती जाईल? काझींनी लपवलं नाही. दहापैकी चार जणांत काही होणार नाही. सहा जणांत हात तोतरा होईल. खुणा येतील, पण अडखळत, चुकीची बोटं उठत. पुन्हा शिकता येईल, या वयात तीनचार वर्षांत, आणि पहिल्यासारखं नाही.

केतकीने घरी काही सांगितलं नाही. तिने डाव्या हाताने बोलायचा सराव सुरू केला. तिला वाटलं, हळूहळू केलं तर त्याला कळणार नाही.

जेवताना सुमेधने पोळी खाली ठेवली. "डाव्या हाताने काऊन बोलून राहिलीस?"

"उजव्याला आराम."

"खोटं. आराम द्यायचा असता तर गप्प बसली असतीस. तुला ते येत नाही."

तिने सांगितलं. सगळं. डाव्या हाताने सुरुवात केली आणि मध्येच उजवा आपोआप उठला, कारण गोष्ट अवघड होती.

सुमेध ताटाकडे पाहत राहिला. ऐकू न येणाऱ्या माणसाने नजर खाली घातली की तुम्हाला काही बोलताच येत नाही. दार लावून घेतल्यासारखंच ते. शेवटी त्याने वर पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला."

"महिनाभर तू माझ्यासमोर बसून मुकं व्हायचा सराव केलास, आणि मला वाटलं तुझा खांदा दुखतोय. मी तेल आणलं."

"दोनच हंगाम, सुमेध. दोन हंगाम नीट खेळले की मी सन्मानाने थांबते. हे असं नको. मुद्दाम पाडून फ्री थ्रो देतात रे मला. दया आल्यासारखे."

"हात तुझा. ठरव तूच. पण मी काही शेजारी नाही, ठरल्यावर पेढे घ्यायला."

तो उठला, हात धुतले, आणि चार दिवस फक्त कामापुरतं बोलला. तेही एका हाताने.

पाचव्या दिवशी काझींनी तिला बोलावलं. आवाज बदललेला. टेबलावर कागदांचा ढीग.

"तुमच्या ठशात दोन हजार आठशे चाळीस चेंडू आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे आत. एकही बाहेर नाही. माणूस आहात की कोण आहात तुम्ही?"

"चुकलेले पुसले ना आम्ही."

"काय?"

"सरांनी पुसायला लावले. अडीचशे-पावणेतीनशे असतील. तुमच्या हाताखालची मुलं नको म्हणत होती. सर म्हणाले, कचरा कायले जपता."

काझींनी चष्मा काढला, आणि यावेळी पुसला नाही.

"सायकल सरळ जाते," त्या सावकाश म्हणाल्या, "कारण ती दर क्षणी थोडी वाकडी जात असते आणि तुम्ही दर क्षणी थोडं वळवत असता. हाताचंही तसंच. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू पाहत असतो, कुठे टाकायचं होतं आणि कुठे पडलं. त्या दोन्हींतलं अंतर हा त्याचा एकमेव शिक्षक. वय वाढतं, वजन बदलतं, खांदा आखडतो, आणि तो शिक्षक हाताला रोज जागेवर आणतो. तुमच्या ठशाने हाताला सांगितलंय की तू चुकतच नाहीस. हँडल वेल्डिंग करून टाकलेली सायकल आहे ही. पाचसात वर्षं सरळ जाते. मग भिंत."

ज्यांना तो ठसा सगळ्यात आधी दिला त्या साठांपैकी एकेचाळीस जणांचं बोट वळायला लागलं होतं. मधलंच.

"म्हणजे पुन्हा घेतला तर..."

"दोन हंगाम चालेल. मग पुन्हा हेच. बाकीच्यांना देणं मी कालपासून बंद केलंय. तुमचं तुम्ही ठरवा."

केतकीला दोनच हंगाम हवे होते. म्हणून प्रश्न सुटला नाही. उलट तो नागडा समोर उभा राहिला: दोन हंगाम एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस, जो ताटावरून नजर उचलून विचारतो.

एक

हे कोणाला सांगू नका, पण पाच दिवस ती बादली फेकत होती.

मैदानावर तीनचार वर्षांची पोरं चेंडू दोन्ही हातांत धरतात, गुडघ्यांच्या मधे झुलवतात आणि खालून वर भिरकावतात. बादलीतलं पाणी भिंतीवर मारल्यासारखं. म्हणून बादली. सरांच्या मैदानावर पहिल्या आठवड्यानंतर बादली बंद. मोठ्या माणसाने बादली टाकायची म्हणजे लग्नात गुडघ्यांवर रांगायचं.

पण काझी बोलून गेल्या होत्या ना, बिघाड त्या एका हालचालीत आहे. भाजी निवडा, काही होत नाही. केतकीने घरी येता येता विचार केला: मग वेगळ्याच रीतीने टाकला तर?

सुमेध हिंगण्याजवळ एका शाळेत जमीन बसवत होता. ती तिथे गेली, नव्या लाकडावर उभी राहिली आणि गुडघे वाकवून बादली टाकली. चेंडू छताच्या पंख्याला लागला. चार दिवसांचा अबोला धरलेला सुमेध बसल्या जागी लोळायला लागला. हसताना त्याचा आवाज मोठा आणि ओबडधोबड निघायचा. गवंडी कामं सोडून पाहायला आले.

"पुन्हा," तो हाताने म्हणाला. "पुन्हा टाक. डोळे भरून पाहू दे."

पाच दिवसांत पाचशे टाकल्या. बोट एकदाही वळलं नाही. दहातल्या सहा आत. शंभरात साठ म्हणजे काही चौऱ्याण्णव नव्हे, आणि सरांशी ठरलं होतं की एकही चुकता कामा नये. शिवाय नऊ हजार लोकांसमोर. टीव्हीवर. तिच्या नावाचे बूट घालून.

ती रेषेवर उभी होती. हनुवटी आपोआप खांद्याकडे निघाली. तिने ती अर्ध्यात थांबवली. चेंडू छातीपाशी होता. तिथून वर नेला तर जुना हात, शंभरात एकतीस. खाली नेला तर बादली.

तिने चेंडू खाली नेला.

आधी कोणाला कळलं नाही. मग गुडघे वाकले, चेंडू मांड्यांमध्ये झुलला, आणि समोरच्या रांगांमधून एक हसू उठलं, पसरलं, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीत वारा भरावा तसं नऊ हजार माणसांत भरलं. कोचीच्या कप्तानाने हाताने तोंड झाकलं. चेंडू सुटला. उंच गेला, संथपणे उलटा फिरत. कड्याच्या मागच्या बाजूला आदळला, वर उडाला आणि बाहेर पडला.

चुकला.

केतकी तिथेच उभी राहिली, दोन्ही हात पुढे पसरलेले, परात देताना असतात तसे. आणि तिला कळलं. चार बोटं लांब. पाच नाही, तीन नाही. डावं मनगट कणभर आधी उघडलं म्हणून.

गेली दोन वर्षं तिचे शेकडो चेंडू चुकले होते आणि एकानेही काही सांगितलं नव्हतं. चुकायचा, बस. हात कोरा. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. ती रडली होती, तिने देव पाहिले होते, उपास केले होते. आणि एवढंच हवं होतं तिला, कोणीतरी सांगावं, किती आणि कुठे. या चेंडूने सांगितलं. हात जिवंत होता. तो शिकायला तयार होता.

ती हसायला लागली.

संघातली अमरीन धावत टाळी द्यायला आली. ती बावीस वर्षांची होती आणि घाबरली होती. "काय झालं, ताई?"

"लांब गेला गं. चार बोटं."

"मग हसून काय राहिल्या?"

"बाजूला हो. दुसरा टाकू दे."

दुसऱ्याला पाच सेकंद लागले नाहीत. दोनही लागले नसतील. चेंडू कड्याला न शिवता आत पडला आणि जाळी आपल्या जागी नुसती हलली. ८९-८९.

जादा वेळात वैनगंगा हरली. ९४-१०१. जिंकली असती तर बरं वाटलं असतं, पण कोचीच्या मुली उंच होत्या आणि दमल्या नव्हत्या. जादा वेळात केतकीला आणखी चार फ्री थ्रो मिळाले. तीन बादल्या आत, एक आखूड. एक बोटभर. त्या वेळेपर्यंत कोणी हसत नव्हतं. तिसऱ्या वेळी वरच्या रांगांतल्या पोरांनी उभं राहून हवेतच बादल्या फेकायला सुरुवात केली होती.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात डोर्लीकर सर बाकावर बसले होते. बहात्तर वर्षांचे. शिटी गळ्यातून कधीच गेली होती, तिचा दोरा मात्र होता. केतकी त्यांच्या शेजारी बसली.

"हरलो," ती म्हणाली.

"ते दिसलं मले."

"पहिला चुकला माझा, सर."

सर काही बोलले नाहीत. सवयच ती. साठ वर्षांची.

"सर, चुकला. ठरल्याप्रमाणे उद्या आठला मी जायला पाहिजे. मी जाणार नाही. तुम्हाला शब्द दिला होता, मोडते. चिडायचं तर चिडा. चेंडू चार बोटं लांब गेला, मनगट आधी उघडलं. हे मला कळलं, सर. अकराव्या वर्षी कळत होतं. डावीकडे गेला, हे मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. मग तुम्ही विचारलंत, कोणता चेंडू."

एवढं ती त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या राहिलो आहोत.

बोळाच्या टोकाशी कोणीतरी झाडू मारत होतं. सरांनी त्या झाडूकडे पाहिलं.

"काझीबाईंचा फोन आला होता मले," ते म्हणाले. "मागल्या हप्त्यात. पुसलेल्यांबद्दल. मी म्हटलं बाई, तुमची मशीन खराब असन, माही रीत खराब नाही." त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. "आठशे पोरं आहेत म्हणते."

"हो."

"त्याहिचं काय करणार?"

"माहीत नाही. त्या म्हणतात, सगळ्यांना नव्याने चुकायला शिकवावं लागेल. वेगळी हालचाल, आणि प्रत्येक चूक मोठ्याने सांगायची. माणसं लागतील. शिकवणारी."

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "तू नको जाऊ उद्या. आठला मी जातो. सांगतो, कचरा मी फेकाले लावला. आणि विचारतो, या वयात माणूस लागते का म्हणून." चार पावलं गेले, वळले. "मनगट नव्हतं वं. गुडघे उशिरा उठले तुझे. म्या पाहिलं."

"मनगटच होतं, सर."

"गुडघे!" बोळ घुमला.

ती सुमेधसोबत घरी गेली आणि आठ तास झोपली. उठली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि सुमेध चहा गाळत होता. त्याच्या मावसबहिणीचं लग्न भंडाऱ्याला होतं, येत्या गुरुवारी. लीगमुळे केतकीने स्वतःच्या लग्नानंतर त्यांच्याकडची सगळी लग्नं चुकवली होती. आता संघ बाहेर पडला होता, तेव्हा सबब उरली नव्हती, आणि सुमेधने हे रात्रीच ताडलं होतं.

"तीन दिवस आधी जायचं," तो म्हणाला.

"एक दिवस. हळदीला पोचू."

"मावशीने तुझ्यासाठी खोली रंगवली."

"कारण तिला सगळ्या गल्लीसमोर माझ्याकडून बादली टाकून घ्यायची आहे. तुझ्या मामाने मेसेज केलाय, चेंडू आणू का म्हणून. चेंडू! लग्नात! आणि तो तुझा भाऊ, तो हसताना व्हिडिओ काढणार, मला ठाऊक आहे, तुमचं सगळं खानदान..."

उजवा हात सुटला होता. बोटं, मनगट, कोपर, सगळं. मामा, मावशी, रंगवलेली खोली, भाऊ, सगळ्यांना तो एकेक करून उचलत होता, आपटत होता, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याला पकडत होता. कुठे अडखळणं नाही. सुमेध चहाची गाळणी धरून पाहत राहिला. बोलायला त्याला हात मोकळे हवे होते, म्हणून त्याने गाळणी ओट्यावर ठेवली.

"सावकाश," तो म्हणाला. "एका वेळी एकच शिवी दे."

तिने दोन दिल्या.